वारशात आलेली दुनळी बार काढण्याजोगी आहे का?

"आजोबांनी हिच्यावर आयुष्य काढलं, कधी काही झालं नाही." जुन्या बंदुकीबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि सर्वांत कमी कामाचंही हेच. आजोबा कदाचित काळ्या दारूची काडतुसं वापरत असतील. आज मिळतं ते काडतूस वेगळ्या जातीचं असतं. त्यांच्या पश्चात बंदूक चाळीस वर्षं चामड्याच्या गवसणीत पडून राहिली असेल आणि चामड्याने ओल धरून ठेवली असेल. मध्येच कुणा हौशी माणसाने नळ्या आतून घासून आरशासारख्या केल्या असतील. यातलं काहीच बाहेरून कळत नाही. नळीवरचे ठसे काय सांगतात, मोजायचं गेज काय आकडा दाखवतं आणि आत कोणतं काडतूस जाणार आहे, निर्णय एवढ्यावर होतो. बंदुकीचं रूप आणि नळ्यांमधल्या पट्टीवर (रिबवर) सोन्यात कोरलेलं नाव यांचा नंबर त्यानंतर.

कागदपत्रांबद्दल एकच वाक्य: जिथे परवाना लागतो तिथे तो बंदुकीसोबत वारशाने येत नाही, तेव्हा हात लावण्याआधी ते निस्तरा.

आधी रिकामी करा

मधून मोडणारी दुनळी असेल तर वरचा खटका उजवीकडे दाबून ती उघडा आणि दोन्ही चेंबरमध्ये, म्हणजे नळ्यांच्या बुडाशी काडतूस बसतं त्या कप्प्यांत, डोळ्यांनी बघा. काही जुन्या बंदुकांत खटका चापाच्या कड्याखाली असतो आणि बाजूला फिरवावा लागतो. गंजून अडकली असेल तर हातोडी घेऊ नका. भेदक तेल सोडून दोन दिवस थांबा, आणि तोवर ती भरलेली आहे असंच समजून तोंड कुणाकडेही येऊ देऊ नका.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. ती भरून भिंतीला टांगून ठेवायची पद्धतच होती आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. आत बार आहे का ते बघायची रीत सोपी आहे. गज किंवा सरळ लाकडी काठी नळीत बुडापर्यंत सोडा. नळीचं तोंड जिथे येतं तिथे काठीवर पेन्सिलीने खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी जुळवा, आणि दुसरं टोक कुठवर पोचतं ते पाहा. ते टोपी बसवायच्या निपलच्या आसपास यायला हवं. तीन-चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते घरटं असेल, चिंधी असेल किंवा दारू आणि छर्रे. हेन्री नॉकने १७८७ मध्ये पेटंट घेतलेल्या धर्तीच्या बुडात मागचा कप्पा अरुंद असतो, त्यामुळे रिकाम्या नळीतही काठी थोडी आधी टेकते. शंका आली तर भरलेलीच धरा. निपलवर टोपी असेल तर काढा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि बंदुकीचं काम जाणणाऱ्या कारागिराला घरी बोलवा. बार उडवून नळी मोकळी करायचा विचार डोक्यातून काढून टाका.

दुनळीच्या नळ्या सुट्या केल्यावर चेंबरच्या बाजूने उजेडाकडे बघा. कुंभारमाशीचं मातीचं घरटं, घट्ट झालेलं ग्रीस, तुटलेला ब्रश, काहीही निघू शकतं. पुढची सगळी तपासणी स्वच्छ, कोरड्या नळीवरच करायची, कारण तेलाचा थर खड्डे लपवतो.

ठसे वाचणं

फोरेंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी तुकडा, काढा आणि नळ्या ॲक्शनपासून, म्हणजे त्या ज्यावर बसतात त्या मागच्या धातूच्या सांगाड्यापासून, सोडवा. नळ्यांच्या बुडाशी खालच्या अंगाला दोन सपाट पृष्ठभाग असतात. खरी माहिती तिथे आहे. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने मळ काढा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावलात तर ठसाच पुसाल. टॉर्च तिरपा धरून भिंगातून वाचा आणि फोटो काढून ठेवा.

प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार मुद्दाम काढून नळी आणि ॲक्शन टिकते का ते बघणं, आणि टिकली तर ठसा मारणं. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून आहे. ब्रिटिश ठशांतला सर्वांत कामाचा फरक काळ्या दारूचं प्रूफ आणि नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूचं प्रूफ, यांतला. नायट्रो प्रूफचा ठसा १८९६ पासून दिसू लागतो. १९०४ नंतर बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली एन.पी. आणि १९५४ नंतर बी.एन.पी. अशी अक्षरं येतात, लंडनच्या बंदुकीवर तलवार धरलेल्या हाताखाली एन.पी. मुकुटाखाली नुसतं बी.पी. किंवा बी.व्ही. दिसत असेल तर तेवढ्यावरून ती नायट्रोला उतरली असं म्हणता येत नाही. 'नॉट फॉर बॉल' असं कोरलेली बंदूक १८७५ ते १८८७ या काळातली, तोंडाशी चोक, म्हणजे आवळलेलं भोक, असलेली. गोळी घालू नका, फक्त छर्रे, एवढाच त्याचा अर्थ. ही काळ्या दारूच्या जमान्यातली बंदूक झाली.

चौकटीच्या आकड्यात सगळे गोंधळतात. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि सी लिहिलेलं असतं, ते चेंबरचं माप. त्याच्याशेजारी सुटा १२, १३ किंवा १३/१ असतो, तो प्रूफच्या दिवशी मोजलेला नळीचा आतला व्यास. १३ म्हणजे ०.७१० इंच, १३/१ म्हणजे ०.७१९, १२ म्हणजे ०.७२९ आणि १२/१ म्हणजे ०.७४०. बंदूक बारा बोअरची (म्हणजेच बारा गेजची) असून नळीवर १३ लिहिलेलं असणं ही चूक नाही. समजा ठसा १३ आहे, म्हणजे त्या दिवशी नळी ०.७१० आणि ०.७१९ च्या मध्ये होती. आज गेज ०.७३५ दाखवतं. याचा अर्थ आतून निदान सोळा थाऊ, म्हणजे इंचाचे सोळा हजारांश, व्यास वाढला आहे. तेवढं लोखंड कुणीतरी घासून नेलं. पुढच्या पायरीवर गेलेली नळी प्रूफच्या बाहेर समजतात, ही तर दोन पायऱ्या ओलांडून गेली. १९५४ च्या नियमांनंतर व्यास थेट दशांशात मारायला लागले, ०.७२९ असा, तिथे ठशापेक्षा दहा थाऊ वाढ झाली की प्रूफ संपलं. त्याच बंदुकांवर दाब चौरस इंचाला टनात लिहिलेला असतो: अडीच इंची चेंबरला ३ टन, पावणेतीन इंचीला ३¼, तीन इंचीला ४. चेंबरची लांबी मात्र १९२५ पासूनच मारली जात होती.

लंबगोलात ई.एल.जी. असेल तर बंदूक बेल्जियममधल्या लिएजची. वर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. हा ठसा पाहून लोक निर्धास्त होतात, पण नायट्रोसाठी लिएजचा वेगळा ठसा आहे, सिंह आणि त्याखाली पी.व्ही. लिएजमधून हजारोंनी स्वस्त दुनळ्या बाहेर गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींवर इंग्रजी वाटेल असं नाव घातलेलं असे. 'डब्ल्यू. रिचर्ड्स' हे त्यातलं सगळ्यांत भेटणारं. वेस्टली रिचर्ड्सच्या नामांकित इंग्रजी कारखान्याशी त्याचा संबंध नाही. नाव कोणीही कोरू शकतो, म्हणून पट्टीवर काय लिहिलंय याआधी पोटाखाली काय लिहिलंय ते बघायचं.

अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस नव्हतंच, कारखाने आपली आपण चाचणी घेत. त्यामुळे अमेरिकी बंदुकीवर ठसे नसणं संशयास्पद नाही, पण आधारही मिळत नाही. तिथे सगळी भिस्त मापांवर.

आणि ठसा कितीही चांगला असला तरी तो मारल्या दिवसाचा असतो. १९०५ साली नायट्रोला उतरलेली नळी त्या साली तेवढी जाड होती, एवढंच तो सांगतो.

दमास्कस

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एका दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेली नळी म्हणजे दमास्कस किंवा ट्विस्ट नळी. अंगावर तपकिरी-करड्या वळ्या किंवा सापाच्या कातड्यासारखी नक्षी दिसते. दिसलीच पाहिजे असं नाही. अनेकदा अशा नळ्या काळ्या केलेल्या असतात आणि साध्या पोलादासारख्या वाटतात. उलटही होतं: साध्या नळीवर नुसती नक्षी उमटवलेली असते. दोन्हींचा उलगडा फोरेंडखाली होतो. तिथली नखाएवढी जागा स्वच्छ करून पातळ फेरिक क्लोराइड लावलं की खरी दमास्कस असेल तर वळ्या वर येतात. हे काम कारागिराकडून करून घ्या, कारण लावलेलं रसायन नीट निष्प्रभ केलं नाही तर तिथूनच गंज धरतो.

धोका कुठे असतो? प्रत्येक वळणावर एक सांधा आहे, आणि एका नळीत असे कितीतरी. ठोकताना एखाद्या सांध्यात मळी राहून गेली असेल तर शंभर वर्षांत ओल त्यात शिरते आणि गंज आतल्या आत पोखरतो. बाहेरून नळी धडधाकट, आतून चकचकीत, मध्ये पोकळ रेघ. म्हणून सगळ्या दमास्कस नळ्या बॉम्ब आहेत असं म्हणणंही खोटं आणि 'चांगल्या कारखान्याची आहे, चालेल' हेही खोटं. नायट्रो प्रूफ झालेल्या, मापात बसणाऱ्या दमास्कस दुनळ्या आजही योग्य काडतुसांवर वापरात आहेत. माझा हिशोब साधा आहे: नायट्रोचा ठसा नाही तर बिनधुराची दारू नाही, आणि कुठलाच ठसा नाही तर अशा नळीतून बारच नाही.

नळीची मापं

घरच्या व्हर्निअरने नळीच्या तोंडाची जाडी मोजून समाधान मानू नका. तोंडाशी चोकमुळे धातू जाड असतो. खरी पातळ जागा चेंबरपासून नऊ इंचांच्या पुढे, नळीच्या मधल्या भागात सापडते. तिथे पोचायला दोन साधनं लागतात. एक बोअर मायक्रोमीटर, लांब दांड्याचा, जो चेंबरच्या बाजूने नऊ इंचांवर व्यास सांगतो. दुसरं भिंतीची जाडी मोजणारं गेज: नळी एका लांब दांड्यावर सरकवायची, वर डायल टेकलेली, आणि नळी गोल फिरवत इंचा-इंचाने पुढे न्यायची. गोल फिरवणं महत्त्वाचं. भोक एका बाजूला सरकलेलं असेल तर वरची भिंत ३५ थाऊ आणि खालची २१ असू शकते. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजायच्या. उजवी सहसा जास्त झिजते, कारण पहिला बार तिचा.

किमान किती हवी? सर्वांत पातळ ठिकाणी २० थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही कारागिरांनी मानलेली खालची रेघ. त्याखाली साध्या ठोकरीने पोचा येतो आणि पोचा आलेली जागा पुढच्या बारांना तोंड देते. चेंबरजवळ तर याच्या कितीतरी पट जाडी हवी, कारण दाबाचा कळस पहिल्या दोन इंचांतच असतो. पुढे दाब उतरत जातो, पण पुढे काय आहे ते आठवा: नळीला खालून धरलेला तुमचा हात.

आता चकचकीत नळीचा प्रश्न. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचं क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच घरातला क्षार, नळीत उरायचा, ओल ओढायचा आणि खड्डे पाडायचा. सर्वांत वाईट खड्डे चेंबरच्या पुढच्या उतारावर आणि तिथून हातभर आत मिळतात. अशा नळीला बघून नाक मुरडलं जातं, आणि शेजारची होन करून, म्हणजे आतून घासून, लख्ख केलेली नळी 'एकदम नवी' ठरते. गेज लावा. खड्ड्यांच्या नळीची भिंत ३४ थाऊ आणि खड्डा ८ खोल असेल तर २६ उरले. लख्ख नळीची भिंत सगळीकडून १७. डोळ्यांना दिसते त्याच्या नेमकी उलट निवड करावी लागते. खड्ड्याची खोली मात्र अंदाजाने ठरवू नका. खड्डे सलग पट्ट्याने असतील किंवा चेंबरच्या भिंतीतच असतील तर आकडा बरा दिसला तरी मी बार काढायला सांगणार नाही.

पोचा आणि फुगवटा यांना साधनं लागत नाहीत. दिवसा खिडकीकडे तोंड करून उभे राहा, खिडकीच्या आडव्या चौकटीची सावली नळीच्या आत पडू द्या. सरळ नळीत ती काळी रेघ कडेने सुरेख सरळ धावते. नळी सावकाश फिरवा. रेघ कुठे मुरडली तर तिथे पोचा. रेघेऐवजी गोल कडं दिसलं, विहिरीत खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयासारखं, तर तिथे नळी फुगली आहे: कधीतरी आत अडथळा असताना बार झाला. पोचा कारागीर आतून दाबून वर काढू शकतो. फुगवट्यात धातू ताणला गेलेला असतो, तो ठोकून बसवला तरी ताणलेलं परत येत नाही.

मग नळ्या वाजवून बघा. फोरेंड आणि इजेक्टरचे (काडतूस बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेचे) सुटे भाग काढून, नळ्यांच्या हुकमध्ये (बिजागरीच्या पिनला अडकणाऱ्या खाचेत) दोरी घालून त्या लोंबकळत्या धरा आणि लाकडी दांडीने हलकेच ठोका. घंटेसारखा नाद घुमला तर रिबची डाग देऊन केलेली जोडणी धड आहे. मडकं फुटल्यासारखा बद्द आवाज किंवा खरखर आली तर कुठेतरी जोड सुटलाय, आणि सुटलेल्या रिबखाली पाणी शिरून वर्षानुवर्षं गंज चालू असतो. तो गंज कुठल्याच गेजला दिसत नाही. रिब उचलून बघावीच लागते.

चेंबरपासून तीनेक इंचांवर नळीभोवती केसासारखी गोल रेघ दिसली तर घाबरू नका. जुनी नळी तिथे कापून आत नवी बसवलेली असते. ब्रिटिश प्रूफ झालं असेल तर 'स्लीव्हड' असा ठसा असतो. अशी बंदूक संग्राहकाला नको असते, पण बार काढायला मूळ पातळ नळीपेक्षा बरी.

चेंबर, आणि सर्वांत सहज होणारी चूक

६५ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच इंची चेंबरमध्ये ७० मिलिमीटरचं काडतूस अगदी अलगद बसतं. बंदूक बंदही होते. म्हणूनच ही चूक होते. काडतुसावर लिहिलेली लांबी उडालेल्या, तोंड उलगडलेल्या कवचाची असते. न उडालेलं, चांदणीसारखं दुमडलेलं ७० चं काडतूस सुमारे ५८ मिलिमीटरच भरतं. बार झाला की तोंड उलगडतं आणि शेवटचे पाच मिलिमीटर चेंबरपुढच्या उतारात घुसतात. ज्या वाटेने छर्रे आणि वॉड (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) जायचे तीच वाट कवचाच्या काठाने आवळली जाते, आणि दाब उडी मारतो. बंदूक त्याच क्षणी फुटेलच असं नाही. ती सैल होत जाते, आणि मग एके दिवशी.

चेंबरची लांबी चेंबर गेजने मोजा. अमेरिकेतल्या जुन्या सोळा गेजच्या बंदुका २ ९/१६ इंची असतात, तिथेही हाच घोटाळा होतो. ठशात २½ आणि प्रत्यक्षात चेंबर २¾ निघालं तर कुणीतरी नंतर ते लांबवलंय, म्हणजे दाबाच्या कळसाच्या जागचीच भिंत खरवडली. प्रूफ मूळ चेंबरचं होतं. त्याच्या भरवशावर या बंदुकीतून बार काढू नका.

बंद होते म्हणजे घट्ट आहे असं नाही

फोरेंड लावलेला असताना ढिलेपणा लपतो. फोरेंड काढा, नळ्या ॲक्शनवर बसवून बंद करा, दस्ता काखेत धरा आणि नळ्या डावी-उजवीकडे, वर-खाली हलवून पाहा. टकटक जाणवली तर बिजागरीचा पिन, हुक किंवा खालचा बोल्ट झिजलाय. मग उजेडाकडे धरून नळ्यांचं बूड आणि ॲक्शनचा उभा चेहरा यांच्या मधून बघा. प्रकाशाची रेघ दिसू नये. फिलर गेजचं तीन-चार थाऊचं पातं मध्ये शिरलं तर ही बंदूक 'चेहऱ्यापासून सुटली', आणि बार होताना काडतुसाचं बूड तेवढ्या फटीत मागे ताणलं जाणार. वरच्या खटक्याकडेही लक्ष द्या. बंद असताना तो मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे असेल तर बोल्टमध्ये अजून जीव आहे. डावीकडे गेला असेल तर तो सरला. फटीत पत्र्याची पट्टी डकवून किंवा डाग देऊन बसवलेली घट्टी दिसली तर समजून जा की बंदूक विकण्यासाठी तयार केली होती.

ॲक्शन, नळ्या आणि फोरेंड तिघांवरचा क्रमांक एकच आहे का ते याच वेळी बघून घ्या.

दस्त्याचं लाकूड ॲक्शनच्या मागे चिरलेलं असेल तर तो फक्त दिसण्याचा दोष नसतो. दर बाराला ती चीर उघडते, कुलपांची, म्हणजे चाप आणि घोड्याच्या यंत्रणेची, बैठक हलते, आणि एका चापाला दोन्ही नळ्या सुटण्याची पाळी येते. जुन्या दस्त्यांत तेल मुरून ॲक्शनजवळचं लाकूड काळं, मऊ झालेलं असतं. नखाने दाबून बघा.

कुलपांसाठी डमी काडतुसं घाला. दोन्ही बाजू चढवा, सेफ्टी मागे ओढा, चाप ओढून पाहा, मग सेफ्टी पुढे सारा. सारतानाच घोडा पडला तर सिअरची, म्हणजे घोडा अडवून धरणाऱ्या खिट्टीची, धार गेलेली आहे. सेफ्टी काढलेली असताना दस्ता रबरी चटईवर चार-पाच इंचांवरून आपटा. काही पडायला नको. चापाचं वजन पुढच्याला साडेतीन ते चार पौंड, मागच्याला त्याहून अर्धा-एक जास्त असतं. दोन पौंडांखालचा चाप धोकादायक समजा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: बहुतेक दुनळ्यांची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही.

बाहेरच्या घोड्यांची बंदूक असेल तर घोडे पडल्यावर आपोआप थोडे मागे सरतात का ते बघा. जॉन स्टँटनचं असं कुलूप १८६७ चं. त्याआधीच्या धर्तीत पडलेला घोडा पिनवर टेकून राहतो, आणि अशी बंदूक भरून बंद करणं म्हणजे टोपीवर पिन ठेवून दार लोटणं.

पंप आणि ऑटो जातीच्या जुन्या बंदुकांचे दोष वेगळे. विंचेस्टरचं १८९३ चं पंप मॉडेल काळ्या दारूच्या काळातलं, आजच्या काडतुसांसाठी नाही. दिसायला ते १८९७ च्या मॉडेलसारखंच असल्याने गल्लत होते. ब्राउनिंगच्या ऑटो-५ मध्ये काडतुसाच्या ताकदीप्रमाणे घर्षणाची कडी योग्य क्रमाने लावावी लागते, नाहीतर फोरेंड फुटतो.

काडतूस

बंदूक उत्तीर्ण झाली तरी तिला चालेल ते काडतूस शोधावं लागतं. अमेरिकेत पावणेतीन इंची बारा गेजची मर्यादा ११,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, युरोपच्या सीआयपी नियमांत साध्या काडतुसाची ७४० बार (हे दाबाचं एकक), म्हणजे सुमारे १०,७०० पीएसआय. "हलकं काडतूस घेतो, २४ ग्रॅमचं" हा युक्तिवाद फसवा आहे. छर्रे कमी म्हणजे धक्का कमी. चेंबरमधला दाब तेवढाच किंवा जास्तही असू शकतो, कारण हलक्या भाराला झपाट्याने जळणारी दारू घालतात. खोक्यावर '६५ मिमी चेंबरसाठी' असं लिहिलेलं असेल तेच घ्या. काळ्या दारूच्या प्रूफला काळ्याच दारूची काडतुसं, आणि बार झाल्यावर त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने नळ्या धुवा. ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू चिमूटभरही घालायची नाही.

पोलादी छर्रे जुन्या चोकसाठी नाहीत. ते दबत नाहीत, चोकच फुगवतात. शिसं चालत नसेल तिथे बिस्मथ. बंदुकीसोबत वारशात आलेली कागदी काडतुसं, कितीही गोंडस दिसोत, बाजूला ठेवा. आणि वीस गेजचं काडतूस बारा गेजच्या बंदुकीच्या आसपासही नको: ते चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं, वरून बंदूक रिकामी दिसते, मागून बाराचं काडतूस बसतं. वीस गेजची कवचं पिवळी करायचं कारण हेच.

उरला तो बंदूक टायरला बांधून लांबून चापाची दोरी ओढायचा प्रयोग. नळी फुटली तर बंदूक गेली. नाही फुटली तर कळलं एवढंच की या काडतुसाला, आज, ती फुटली नाही; १७ थाऊची भिंत तिथेच आहे आणि चीर असेल तर या बाराने ती आणखी लांबली. खरी चाचणी प्रूफ हाउसमध्ये मापांसह होते. तिथे पाठवतानाही नळी परत न येण्याची तयारी ठेवा.

तपासणी झाली की एक पुठ्ठ्याची चिठ्ठी करा आणि चापाच्या कड्याला दोऱ्याने बांधा. तिच्यावर: क्रमांक, ठसे, दोन्ही नळ्यांचा नऊ इंचांवरचा व्यास, दोन्हींची सर्वांत पातळ जाडी आणि ती कुठे मिळाली ती जागा, चेंबरची लांबी, कोणतं काडतूस चालेल किंवा 'बार काढू नये', तारीख. खाली मोजणाऱ्या कारागिराची सही. बंदूक तुमच्यानंतरही कुणाला तरी वारशातच जाणार आहे.